वरच्या मजल्यावरून आलेलं ज्वारीचं पीठ

एका वाचक मैत्रिणीचं लांबलचक पत्र आलं आहे. ओळख पटेल असा मजकूर काढून, थोडकं करून देते.

‘ताई, नमस्कार. मी सोलापूरची. सहा वर्षं ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवत होते. यांच्या नोकरीमुळे चौदा महिन्यांपूर्वी रियाधला आले. मुलगा सहा वर्षांचा आहे. आम्ही मलाझ भागात राहतो. इथं पंचवीसेक मराठी घरांचा ग्रुप आहे. दर शुक्रवारी कुणाकडे तरी जमतो, महिन्याला बायकांची भिशी असते. सुरुवातीला फार आधार वाटला. मग यांचं कॉन्ट्रॅक्ट वाढेल की नाही अशी शंका आली, ते मी एका मैत्रिणीला, फक्त तिलाच, सांगितलं. चार दिवसांत सगळ्यांना कळलं. एकीचा फोन आला, “तुम्ही एक्झिटवर निघालात ना? मग वॉशिंग मशीन आम्हाला द्या हं.” यांना ऑफिसात तिसऱ्याच माणसाकडून कळलं. कॉन्ट्रॅक्ट वाढलं, पण तेव्हापासून यांचं एकच: कुणाशी काही बोलत जाऊ नकोस.

आमच्या वरच्या मजल्यावर एक सुदानी बाई राहतात. मला भाकरीसाठी ज्वारीचं पीठ हवं होतं. कुणी सांगितलं, दुकानात ‘दुरा’ माग. मागितलं तर मक्याचं पीठ आलं. जिन्यात त्या पिशवीकडे बघून या बाई हसल्या आणि संध्याकाळी त्यांच्या डब्यातलं ज्वारीचं पीठ घेऊन आल्या. तेव्हापासून आमचं जाणं-येणं आहे. हे ग्रुपमधल्या काहींना खटकतं. “त्या काळ्या लोकांत काय जाऊन बसतेस?” असं एक जण तोंडावर म्हणाल्या. मी ग्रुप सोडावा का? अशा गावात खरी मैत्री होते का? की मुलाला घेऊन सरळ सोलापूर गाठावं?’

अगं, तुझा जीव टांगणीला लागलाय हे ओळीओळीत दिसतंय, म्हणून उत्तर आधी देऊन टाकते. ग्रुप सोडू नकोस. वरच्या बाईंकडे जाणं तर मुळीच सोडू नकोस. सोलापूरचं शेवटी बोलू.

मी १९९७ ते २००९ रियाधमध्ये काढली. आमचं घर सुलेमानियात होतं. तेव्हा बाईनं अंगभर काळा अबाया चढवल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही, गाडी चालवायची नाही. हॉटेलात कुटुंबांचं दार वेगळं, एकट्या पुरुषांचं वेगळं. नमाजाची बांग झाली की दुकानांची शटरं खाली. बाजारात मुतव्वा, म्हणजे धर्माचरणावर नजर ठेवणारी माणसं, केस झाका म्हणून सांगत फिरायची. तू पाहतेस ते शहर पुष्कळ बदललंय. मुतव्वांचा अटकेचा अधिकार २०१६ मध्ये गेला. २०१८ च्या एप्रिलमध्ये सिनेमा थिएटर उघडलं आणि त्याच वर्षी २४ जूनपासून बायकांच्या हातात स्टिअरिंग आलं. २०१९ च्या डिसेंबरात हॉटेलांवरची दोन दारांची सक्ती उठली. आमची सुट्टी गुरुवार-शुक्रवारची असायची, ती २०१३ पासून शुक्रवार-शनिवारची झाली.

तरी तुझं पत्र वाचताना मला माझाच दिवाणखाना आठवला. आपल्याकडे माणसं ओट्यावर भेटतात, भाजीच्या गाडीशी भेटतात, देवळात, एसटीत भेटतात. तिथं इमारतींना उंच भिंती, खिडक्यांना जाड पडदे, आणि उन्हाळ्यात पंचेचाळीस अंशांत दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसतं. मग वाढदिवस, डोहाळजेवण, हळदीकुंकू, सगळं चार भिंतींत. सार्वजनिक पूजाअर्चेला तिथं परवानगी नाही, त्यामुळे आमचा गणपतीही सुपारीचा असायचा. ताटलीत मूठभर तांदूळ, त्यावर सुपारी, पडदे ओढलेले, आणि आरती अशा आवाजात की टाळ्यासुद्धा बोटांच्या टोकांनी. त्या खोलीतल्या माणसांबद्दल जी माया वाटायची ती मी पुण्यात परत आल्यावर कुठल्याच मंडपात अनुभवली नाही. आणि त्याच माणसांनी मला रडवलंही आहे.

२००१ सालची गोष्ट सांगते. हे साइटवर, जुबैलला. धाकटीला रात्री दोन वाजता ताप चढला आणि डोळे फिरले. ग्रुपमधल्या एका बाईंशी माझं तेव्हा बोलणं बंद होतं, भिशीच्या नंबरावरून चांगलं वाजलं होतं. पण गाडी असलेलं सगळ्यात जवळचं घर त्यांचंच. मी फोन लावला. सात मिनिटांत दोघं दारात. त्या बाईंनी नाइटीवरच अबाया चढवला होता आणि पायात दोन वेगळ्या चपला होत्या. त्या नुसत्या काळजीपोटी आल्या नव्हत्या, त्यांना यावंच लागलं होतं. परक्या पुरुषाच्या गाडीत मी एकटी बसणं त्या काळी चाललं नसतं. पहाटे पाचपर्यंत त्या माझ्या शेजारी दवाखान्याच्या बाकड्यावर बसून होत्या. आमचं पुढेही फारसं जमलं नाही. त्या माझी मैत्रीण कधीच झाल्या नाहीत. पण त्या दोन वेगळ्या चपला मी विसरणार नाही.

मंडळ आणि मैत्रीण या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे मला तिथं शिकायला पाच वर्षं लागली. मंडळ रात्री दोनला गाडी काढतं. बाळंतिणीला डिंकाचे लाडू पोचवतं, कुणी गेलं तर कागदपत्रांसाठी दूतावासात हेलपाटे घालतं, पोरांना शाळेत कुठला फॉर्म भरायचा ते सांगतं. तेवढंच त्याच्याकडे मागावं. मनातलं बोलायला एक माणूस लागतं, फार तर दोन, आणि ते मंडळातच सापडेल असं नाही. तू मंडळाकडे मैत्री मागितलीस. पंचवीस घरांतून सगळ्यांनी मिळून एक गुपित राखावं, हे व्हायचं नव्हतं.

ते का व्हायचं नव्हतं, हेही समजून घे, म्हणजे राग थोडा निवळेल. तिथं प्रत्येकाचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, नोकरीला बांधलेला. नोकरी गेली की घर, शाळा, गाडी, सगळ्याची घडी मोडते. त्यात २०१७ च्या जुलैपासून कुटुंबातल्या प्रत्येक अवलंबिताला महिन्याला १०० रियाल शुल्क लागलं, ते दर वर्षी शंभरानं चढत २०२० मध्ये ४०० वर गेलं. त्या तीन वर्षांत कितीतरी घरांनी बायका-मुलांना गावी पाठवलं आणि पुरुष पुन्हा खोली वाटून राहायला लागले. त्यामुळे ‘अमक्यांचं कॉन्ट्रॅक्ट अडकलंय’ ही बातमी कानावर पडली की प्रत्येक बाईच्या पोटात पहिला गोळा स्वतःच्या घराचा येतो. ती भीती पुढच्या बाईला सांगितल्याशिवाय तिला झोप लागत नाही. आणि वॉशिंग मशीन. जाणाऱ्याचं सामान तिथं असंच वाटलं जातं, निम्म्या संसारांतला फ्रीज आधीच्या कुणाचा तरी असतो. त्या बाईंनी रिवाजाचं बोलणं केलं, पण तू अजून उभी असताना तुझ्या घराला हात घातला. तुला लागलं ते बरोबरच लागलं.

जिला तू सांगितलंस, तिच्याशी मात्र एकदा समोरासमोर बोल. ग्रुपवर लिहू नकोस, व्हॉइस मेसेज तर अजिबात पाठवू नकोस, तो पुढं फिरणार. तिला चहाला बोलाव आणि एवढंच म्हण: ‘मी तुला एकटीला सांगितलं होतं. ते बाहेर गेलं आणि यांना ऑफिसात ऐकावं लागलं. मला फार वाईट वाटलं.’ मग गप्प बस. ती रडली तर रडू दे, उलट बोलली तर ऐकून घे. माफी मागितली तर मनापासून घे, आणि तरी पुढची दोन वर्षं तिला फक्त भाजीचे भाव सांग.

यांचं म्हणशील तर ते घाबरले आहेत. त्यांना मान खाली घालावी लागली. पण चौदा महिने ज्या बाईचं जग चार खोल्यांचं झालंय तिला ‘बोलू नकोस’ म्हणणं म्हणजे पाचवी खिडकी बंद करणं. त्यांच्याशी ठरवून घे: पगार, कॉन्ट्रॅक्ट, इकामा, कंपनीतले वाद, तिथलं राजकारण आणि धर्म यातलं अक्षर घराबाहेर जाणार नाही. कुणाचा फोटो किंवा बोलणं पुढं पाठवणार नाही, कारण तिथल्या २००७ च्या सायबर कायद्यात बदनामीला आणि फोनच्या कॅमेऱ्यानं दुसऱ्याच्या खाजगीपणात शिरण्याला एक वर्षापर्यंत कैद आणि पाच लाख रियालपर्यंत दंड आहे. त्या बदल्यात उरलेलं सगळं, म्हणजे तुझी आठवण, तुझा कंटाळा, सासरचं-माहेरचं, मुलाचा अभ्यास, तू कुणाशी बोलतेस याचा हिशोब ते मागणार नाहीत.

आता वरच्या बाईंकडे येते, आणि इथं मला माझी एक गोष्ट सांगायलाच हवी. मी ती आजवर लिहिली नव्हती.

सुलेमानियात आमच्या समोरच्या दारातही एक सुदानी कुटुंब होतं. बाई तिकडे शिक्षिका होत्या, राजधानी खार्तूमला लागून असलेल्या ओमदुर्मानच्या. पहिल्यांदा त्यांच्याकडे गेले तेव्हा त्यांनी कॉफीचे हिरवे दाणे माझ्यासमोर भाजले. तव्यातून धूर निघाला की तो पाहुण्याकडे हातानं वारायचा, ही त्यांची रीत. मग दाणे कुटून, सुंठ घालून, लांब मानेच्या मातीच्या सुरईत उकळलेली ती कॉफी, जबना. वाटी एवढीशी, पण बैठक दीड तासाची. त्यांनी पुढं ठेवलेले शेंगदाणे मी ओंजळीनं खाल्ले. त्या म्हणाल्या, अरबीत याला ‘फूल सुदानी’ म्हणतात, आमच्या देशाचंच नाव आहे. मी दुसऱ्या दिवशी शेंगदाण्याची चटणी नेली. त्यांच्याकडे दाण्याचं वाटण भाजीत, सॅलडमध्ये पडतंच, त्यामुळे ती त्यांनी पोळीला लावून घरच्यासारखी खाल्ली. त्यांचं करकदे म्हणजे आपल्या लाल अंबाडीच्या बोंडांचं सरबत. आपली भिशी त्यांच्याकडेही असते आणि तिला त्या ‘संदूक’ म्हणतात. हा शब्द ऐकून मला माझ्या आजीची पत्र्याची संदूक आठवली. आणि ज्वारी तर दोन्ही घरांची. ज्वारीचं पीठ आंबवून, कागदासारखं पातळ पसरून त्या किसरा करायच्या. गरम तव्यावर खजुराच्या पानाच्या तुकड्यानं पीठ ओढत नेताना त्यांचा हात मी एकदाच पाहिला.

एकदाच, कारण मग बोलणी सुरू झाली. तुला ऐकवलं तेच मला ऐकवलं गेलं, जवळजवळ त्याच शब्दांत. मी भांडले नाही. मी नुसती हसले, विषय बदलला, आणि हळूहळू जाणं कमी केलं. आधी महिन्यातून एकदा, मग सणाला, मग जिन्यात नमस्कार. २००६ मध्ये ते कुटुंब निघून गेलं. मी त्या दिवशी ग्रुपच्या एका बारशाला गेले होते. परत आले तर दाराच्या कडीला पिशवी अडकवलेली. आत ती मातीची सुरई, वर्तमानपत्रात गुंडाळून. त्यांचा पत्ता मी कधी घेतला नव्हता. २०२३ च्या एप्रिलमध्ये खार्तूममध्ये लढाई पेटली आणि टीव्हीवर ओमदुर्मानचं नाव आलं, त्या रात्री मी ती सुरई मांडीवर घेऊन बसले होते. त्या कुठं आहेत, आहेत की नाहीत, मला कळायचा काही मार्ग नाही.

म्हणून तुला सांगते, ‘काळे लोक’ म्हणणाऱ्या बाईंसमोर हसून विषय बदलू नकोस. आवाज चढवायची गरज नाही. ‘त्या माझ्या मैत्रीण आहेत, त्यांच्याबद्दल असं बोललेलं मला चालणार नाही,’ हे एक वाक्य पुरे. खोली क्षणभर गार पडेल. पडू दे. त्या पंचवीसांत दोन-तीन जणी अशा निघतील ज्यांना हेच म्हणायचं होतं आणि धीर होत नव्हता. त्या तुला नंतर एकटीला गाठतील, आणि ग्रुपात तुझी खरी मैत्रीण असलीच तर ती त्यांतली असेल.

वरच्या बाईंचं कोण-कोण तिकडे अडकलंय, तू विचारलंस का? पत्रात नाही. लगेच विचारू नकोस, पण कधी त्या फोनकडे बघत गप्प झाल्या तर ‘घरचे कसे आहेत?’ एवढं म्हण आणि नावं लक्षात ठेव. पुढच्या वेळी नाव घेऊन विचार. परक्या गावात आपल्या भावाचं नाव दुसऱ्याच्या तोंडून ऐकणं काय असतं ते तुला ठाऊक आहे. भाषेची काळजी करू नकोस. तू त्यांच्याकडून अरबी शीक आणि रोजचे चार शब्द वहीत लिही. तू शिक्षिका आहेस, त्याही खूश होतील. आणि आपल्याकडे बोलाव. नुसतं जात राहिलीस तर तू कायमची पाहुणी राहशील.

त्या एक दिवस जातील, किंवा तू जाशील. तिथं बहुतेक मैत्र्यांचा शेवट विमानतळावर होतो, हे धरूनच चाल. माझी सर्वांत जवळची मैत्रीण कोट्टयमची होती, २००५ मध्ये गेली. त्यानंतर वर्षभर मी ठरवून कुणाशी जवळीक केली नाही, आणि ते वर्ष माझं त्या बारांपैकी सगळ्यात वाईट गेलं. पत्ता, फोन, गावाकडच्या भावाचा नंबर, हे मात्र आजच घेऊन ठेव.

आणखी एक. यांच्या सुट्टीवर अवलंबून राहू नकोस. आम्हाला ड्रायव्हर मिळाल्याशिवाय हलता यायचं नाही. तुझ्या शहरात १ डिसेंबर २०२४ पासून मेट्रो आहे, सहा मार्गिका, ८५ स्थानकं, ४ रियालमध्ये दोन तास, आणि कुटुंबांसाठी वेगळा डबा. एखाद्या सकाळी मुलाला शाळेत सोडल्यावर एकटी निघ. मुरब्बा भागातलं राष्ट्रीय संग्रहालय आमच्या डोळ्यांदेखत १९९९ मध्ये उघडलं, मेट्रोचं एक टोक तिथंच आहे. नंतर लायसन्सचंही बघ. तिथल्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये चाचणी घेऊन किती तास शिकायचं ते ठरवतात. नोकरीचं तू काहीच लिहिलं नाहीस, पण तू जे लिहिलंस त्यात मला सगळ्यात जास्त टोचलं ते ‘शिकवत होते’ मधलं ‘होते’. अवलंबित व्हिसावर परवानगीशिवाय काम करू नकोस, पण भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळांना केमिस्ट्रीच्या शिक्षिका लागतात. रीतसर परवानगी कशी काढतात ते शाळेच्या ऑफिसात जाऊन विचार. ग्रुपवर विचारू नकोस.

आता सोलापूर. जावंसं वाटण्यात लाज नाही. पण एकटेपणाच्या भरात ठरवू नकोस, वहीत मांडून ठरव: तुझे आणि मुलाचे मिळून महिन्याला ८०० रियाल शुल्क, म्हणजे वर्षाला ९,६००, ते कंपनी भरते की तुम्ही, शाळेची फी, तिथली शिल्लक, इथं तुला मिळू शकेल तो पगार, आणि मुलानं बापाला वर्षातून एकदा बघण्याची किंमत, तिला आकडा नाही पण वहीत ओळ ठेव. शाळेचं वर्ष संपेपर्यंत थांब. तोवर वर सांगितलेलं करून बघ. तरी जावंसं वाटलं तर निघ, आणि वॉशिंग मशीन कुणाला द्यायचं ते तुझं तू ठरव.

पुढच्या वेळी वर जाशील तेव्हा माझ्यासाठी एक विचारून ये. किसऱ्याचं पीठ त्या किती वेळ आंबवतात, आणि रियाधच्या उन्हाळ्यात किती? मी इथं मालदांडीच्या पिठावर तीनदा करून पाहिलं, दर वेळी तव्याला चिकटलं.